ऐकू न आलेलं वाक्य

१९०१ सालच्या नाताळात लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात ‘ब्लूबिअर्ड’ लागलं होतं, पँटोमाइम म्हणतात त्या प्रकारचं, परीकथेवर रचलेलं गाण्या-विनोदाचं नाताळी नाटक. बायकांचा जीव घेणारा निळ्या दाढीचा नवरा, त्याची नवी बायको, आणि कुणी मदतीला येतंय का हे बघायला मनोऱ्यावर चढणारी तिची बहीण अ‍ॅन, अशी ती जुनी गोष्ट. अ‍ॅनचं काम डॅन लेनो करत होता. त्या काळच्या इंग्लंडचा लाडका विनोदी नट, नुकतीच एक्केचाळिशी गाठलेला, उंची जेमतेम पाच फूट तीन इंच. एका खेळाला तो मनोऱ्यावर चढला आणि ज्या वाक्यावर त्याचं पुढचं काम होतं ते वाक्य त्याच्या कानावरच आलं नाही. क्यू हुकला, आणि वीस मिनिटांहून जास्त वेळ तो वरच अडकून राहिला. लेनोची हकिकत सांगणारे हा प्रसंग एका वाक्यात उरकतात आणि पुढे जातात. मला तसं पुढे जाता येत नाही. अवघ्या महिन्याभरापूर्वी, २६ नोव्हेंबरला, याच माणसाने सँड्रिंगहॅमला सातव्या एडवर्डपुढे खेळ केला होता. राजाने त्याला राजचिन्हाची टायपिन दिली होती आणि लोक त्याला ‘राजाचा विदूषक’ म्हणायला लागले होते. त्याच वर्षी ग्रामोफोन कंपनीच्या भोंग्यासमोर उभं राहून त्याने आपला आवाज मेणावर उतरवून ठेवायला सुरुवात केली होती. नाव होतं, मान होता, थिएटर भरत होतं. कान तेवढे साथ सोडत होते.

आणि या माणसाचा सगळा धंदाच कानांवर उभा होता.

लेनोची जीभ प्रसिद्ध झाली ती फार पुढे. त्याआधी त्याचे पाय बोलायचे. लाकडी तळाचे बूट, म्हणजे क्लॉग, घालून नाचायचा प्रकार लँकेशर-यॉर्कशरच्या गिरणगावांत पिकलेला. गिरणीच्या ओल्या फरशीवर चामड्याचा तळ टिकत नाही म्हणून कामगार लाकडी तळाचे बूट घालायचे, आणि त्याच बुटांनी जेवणाच्या सुट्टीत, गुत्त्यात, गल्लीत ठेका धरायचे. नाचायचे बूट कामाच्या बुटांपेक्षा हलके असत. कामाच्या बुटांच्या तळाला लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या असायच्या. नाचाच्या बुटांचं लाकूड उघडं ठेवायचे, म्हणजे आवाज कोरडा आणि सुटा निघतो. टाच आणि चवडा हे दोन वेगळे बोल. घासून काढलेला, आपटून काढलेला, टाचेला टाच भिडवून काढलेला, असे त्यांचे पोटप्रकार. कमरेच्या वरचं शरीर जवळजवळ निश्चल, हात बाजूला सैल सोडलेले. पाय जमिनीपासून फार उचलायचा नाही, कारण जितका वर जाईल तितका परत यायला उशीर, आणि उशीर झाला की मात्रा गेली. नवशिक्याचं हमखास चुकतं ते इथेच. प्रेक्षकाला दिसावं म्हणून तो पाय उंच टाकतो आणि दोन बोल एकमेकांत मिसळून चिखल होतो.

या नाचाच्या स्पर्धा व्हायच्या तेव्हा परीक्षक वाटून घेतलेले असत. एक समोर बसून देहबोली आणि डौल बघायचा. एक विंगेत बसून संगीताशी वेळ जुळते का ते बघायचा. आणि एक रंगमंचाच्या खाली, फळ्यांच्या पोटात, जाऊन बसायचा. त्याला नर्तक दिसायचाच नाही. चेहरा नाही, कपडे नाहीत, समोरच्यांच्या टाळ्यांमुळे मत फिरायचा प्रश्न नाही. डोक्यावरच्या फळ्यांतून येणारा बोल पुरा आहे की अर्धवट, एवढंच ऐकायचं आणि गुण द्यायचे. परीक्षेची याहून निष्ठुर आणि याहून प्रामाणिक रीत मला माहीत नाही. १८८० साली लीड्सच्या प्रिन्सेस म्युझिक हॉलमध्ये एकोणीस वर्षांच्या लेनोने क्लॉग नाचाचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं. सोन्याचांदीचा कमरपट्टा बक्षीस मिळाला. वजन साडेचव्वेचाळीस औंस, म्हणजे सव्वा किलोच्या थोडं वर. पुढे त्याचं चरित्र लिहिणाऱ्या हिकरी वुडने त्या काळच्या नाचाचं वर्णन करून ठेवलं आहे: लेनो रंगमंचावर नाचला, चौथऱ्यावर नाचला, पाटीच्या दगडाच्या लादीवर नाचला, आणि या सगळ्यात तोंडातून एक शब्द काढला नाही. चौथरा आणि लादी ही नुसती हौस नव्हती. लाकडी रंगमंच दमट हवेत मऊ पडतो आणि बारीक बोल गिळून टाकतो. दगडावर प्रत्येक बोल लख्ख उठतो, पण दगड निसरडा, आणि चूकही तितकीच लख्ख ऐकू येते. चौथऱ्यावर जागाच नसते, त्यामुळे तोल सावरायला घेतलेलं जादा पाऊल लपवता येत नाही.

इथवर यायला त्याला सोळा वर्षं लागली होती, कारण सुरुवात चौथ्या वर्षी झाली होती. जन्म २० डिसेंबर १८६०, लंडनच्या सेंट पँक्रस भागात. खरं नाव जॉर्ज वाइल्ड गॅल्विन. आईवडील दोघंही म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे गाणी-नाच-नकलांचे खेळ चालणाऱ्या थिएटरांत, कामं करणारे. १८६४ साली पॅडिंग्टनच्या कॉस्मोथिका हॉलमध्ये ‘लिटल जॉर्ज’ म्हणून, अंग वाटेल तसं वळवून दाखवणारा अजब बालक म्हणून त्याला उभं केलं. त्याच वर्षी वडील गेले. आईने दोन वर्षांनी दुसरं लग्न केलं, आणि ‘लेनो’ हे त्या सावत्र वडिलांचं रंगमंचावरचं नाव. लिव्हरपूल, आयर्लंड, उत्तरेकडची गावं, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. दारू आणि उधारी घरात कायमची. हा भाग मी लांबवत नाही. म्युझिक हॉलच्या निम्म्या नटांचं बालपण याच चालीचं आहे, आणि त्यावर कढ काढण्यापेक्षा त्या मुलाने रोज किती तास फळीवर पाय घासले असतील याचा विचार केलेला बरा.

लंडनला तो आला १८८५ च्या ऑक्टोबरात. माइल एंडच्या फॉरेस्टर्स हॉलमध्ये, आठवड्याला पाच पौंडांवर. जाहिरातीत गायकीबरोबर क्लॉगचं अजिंक्यपदही ठसठशीत छापलेलं होतं. पण लंडन म्हणजे लँकेशर नव्हे. उत्तरेत पिटातला प्रत्येक माणूस आयुष्यभर क्लॉग घालून चाललेला. कुठला बोल अवघड आणि कुठला नुसता भपका हे त्याला पायांनीच कळायचं. लंडनच्या प्रेक्षकाला तो एक चपळ खडखडाट वाटला. उलट लेनोने बाईच्या वेशात, जुळ्या पोरांसाठी दूध आणायला निघालेल्या एका गांजलेल्या आईचं जे गाणं म्हटलं, त्यावर लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. पुढे क्लॉग हळूहळू मागे पडत गेले. ज्या कलेत आपण जगात पहिले आहोत ती कला बाजूला ठेवून, ज्यात अजून आपल्याला कुणी ओळखत नाही ती हातात घ्यायची, हे वाटतं तितकं सोपं नाही. विशेष हे की त्याने नाच सोडला तरी नाचाची शिस्त सोडली नाही. ती त्याने बोलण्यात घातली.

म्युझिक हॉलमधल्या एका नटाच्या कामाला ‘टर्न’ म्हणत, आणि तो साधारण पंधरा-वीस मिनिटांचा असे. रंगमंचाच्या कडेला चौकटीत नंबर लागायचा, वाद्यवृंद नटाची धून सुरू करायचा, आणि धून संपायच्या आत नटाने पुढच्या दिव्यांपर्यंत पोचलेलं असायला हवं. लेनो धावत यायचा. एकदम पुढे येऊन थबकायचा, पाय उचलून धाडकन फळीवर आपटायचा, भुवया कपाळावर. एका टर्नमध्ये दोन-तीन गाणी, प्रत्येकाला वेगळा वेश: दुकानात गिऱ्हाइकामागे धावणारा माणूस, शिकारी, टॉवर ऑफ लंडनचा पहारेकरी, मफिन विकणारा, बायकोच्या माहेरच्यांनी जेरीस आणलेला नवरा. गाणी तो विकत घ्यायचा, हर्बर्ट डार्नलीसारख्यांकडून लिहून घ्यायचा. चाली साध्या. एक कडवं, ध्रुवपद, मग वाद्यवृंद थांबायचा आणि लेनो बोलायला लागायचा. या बोलण्याला हॉलच्या भाषेत ‘पॅटर’ म्हणत. पुन्हा कडवं, पुन्हा पॅटर. जसजशी वर्षं गेली तसतसं गाणं आक्रसत गेलं आणि पॅटर वाढत गेलं, इतकं की शेवटी गाणं म्हणजे आत शिरायचं आणि बाहेर पडायचं दार तेवढं उरलं. मोठ्या नटाला एका रात्रीत तीन-तीन, चार-चार हॉल असायचे. घोडागाडीतच वेश बदलायचा, एका हॉलला पाच मिनिटं उशीर झाला की पुढच्या सगळ्यांचं गणित कोलमडायचं. म्हणून पॅटर लवचीक असावं लागे. गर्दी खूश आहे आणि वेळ आहे, तर दोन वाक्यं जास्त. विंगेतून मॅनेजर घड्याळ दाखवतोय, तर सरळ ध्रुवपदावर उडी. ही लांबी-रुंदी कुठे धरायची ते घड्याळावर ठरत नाही. हॉल कसा हसतोय त्यावर ठरतं. हशा चढता आहे की उतरता, गॅलरीत पोचला की पुढच्याच रांगांत विरला, हे ज्याला ऐकू येतं त्यालाच ते जमतं.

‘मिसेस केली’ हे त्याचं पॅटर जवळून बघण्यासारखं आहे. एक बाई सांगायला उभी राहते की आमचं एकदा भांडण झालं, आणि सगळं त्या मिसेस केलीपायी. एवढं म्हणून ती थांबते आणि समोरच्यांना विचारते, तुम्हाला मिसेस केली माहीत असेलच ना? उत्तर कुठून येणार? बाई बेचैन. मिसेस केली हो! माहीत नाही म्हणजे काय? अमकीची चुलतबहीण, नवऱ्याचं ते बारीकसारीक वस्तूंचं दुकान आहे, सगळं जग ओळखतं तिला, आणि तुम्ही असे भोळ्यासारखे काय बघताय! भांडण राहिलं बाजूला. कागदावर मांडलं तर यात एकही विनोद नाही. शब्दखेळ नाही, कोटी नाही, शेवटी फुटणारा फटाका नाही. ‘मिसेस केली’ हे पाच अक्षरांचं नाव वेगवेगळ्या वजनाने पुन्हा पुन्हा येतं, एवढंच: आधी सहज, मग खात्रीने, मग शंकेने, मग चिडून, मग जवळजवळ विनवणीच्या सुरात. तेच बोल, जागा वेगळी, जोर वेगळा. चौथऱ्यावर टाच-चवड्याने जे करत होता तेच तो इथे करतो आहे. दुसरी करामत अशी की यात प्रेक्षकालाच पात्र करून टाकलं आहे. दोन हजार माणसांचा हॉल त्या बाईची एक मठ्ठ शेजारीण होऊन बसतो. तिची चीड प्रेक्षकाच्या गप्प राहण्यावर आहे, आणि प्रेक्षक गप्प राहायला गेला की त्याला हसू आवरत नाही. ज्यांनी नंतर लेनोची नक्कल केली त्यांचं बहुतेक इथे फसलं. ते नाव उच्चारून हशासाठी थांबायचे. हशासाठी थांबलेली बाई खोटी. लेनोची बाई उत्तरासाठी थांबते, आणि ते येत नाही म्हणून कासावीस होते.

‘टॉवर ऑफ लंडन’मधला पहारेकरीही याच जातीचा. पर्यटकांना हजार वर्षांचा इतिहास दाखवायला निघालेला हा माणूस पुन्हा पुन्हा उपाहारगृहापाशीच येऊन पोचतो, आणि ती त्याला मनापासून टॉवरमधली सगळ्यात प्रेक्षणीय वास्तू वाटते. लेनोची माणसं कधीही विनोद करत नाहीत. ती काही तरी अत्यंत महत्त्वाचं समजावून सांगत असतात.

ड्रुरी लेनची कथा थोडी वेगळी. १८८६ च्या हिवाळ्यात सरे थिएटरच्या जॉर्ज काँक्वेस्टने त्याला ‘जॅक अँड द बीनस्टॉक’मध्ये जॅकच्या आईचं काम दिलं, नवराबायको दोघांना मिळून आठवड्याला वीस पौंड. दोन वर्षांनी ड्रुरी लेनचा तेव्हाचा व्यवस्थापक ऑगस्टस हॅरिसने त्याला तिथे उचललं, आणि १८८८ पासून १९०३ पर्यंत तिथला एकही नाताळ त्याच्याशिवाय गेला नाही. पँटोमाइममधल्या या प्रौढ बाईला ‘डेम’ म्हणतात आणि ती पुरुषानेच करायची असते. आपल्याकडच्या स्त्रीपार्ट्यांशी तिची गल्लत होऊ नये. तिथे प्रेक्षकाने पुरुष विसरावा अशी धडपड असे. डेममध्ये पुरुष कुणी विसरत नाही, विसरायचाही नसतो. लेनोच्या आधीचे बहुतेक डेम म्हणजे छातीला उशा, लाल नाक, आणि बाईची टिंगल. लेनोने उशा काढल्या. त्याची प्रत्येक डेम ही भाड्याची चिंता असलेली, शेजाऱ्यांशी वाकडं आलेली, पोरांवर ओरडून घसा बसलेली एक निराळी बाई होती. त्या बायका त्याने उत्तरेकडच्या खोल्याखोल्यांत पाहिलेल्या होत्या. १९०२ ची ‘मदर गूज’ तर हिकरी वुडने खास त्याच्यासाठीच लिहिली: गरीब, कुरूप म्हातारी, तिला सोन्याची अंडी देणारी हंसीण मिळते, श्रीमंती येते, आणि मग तिला सुंदर व्हायचं असतं. डेम कशी करावी हे आजही इंग्लंडमध्ये या कामावरून सांगतात.

पँटोमाइमचं यंत्र कसं चालायचं हे कळलं की लेनोच्या कामाचं मोल आणखी कळतं. हॅरिसच्या पँटोमाइम म्हणजे शेकडो माणसं, घोडे, झगमगाट, डोंगराएवढे देखावे. हे देखावे बदलायला सुतारांना वेळ लागतो. तोवर पुढे एक रंगवलेला पडदा सोडायचा आणि त्याच्या पुढ्यातल्या अरुंद पट्टीवर विनोदी नटांनी खिंड लढवायची. मागे ठोकाठोकी चालू, चाकं अडकली तर दुरुस्ती चालू, आणि पुढे लेनो आणि हर्बर्ट कॅम्पबेल. कॅम्पबेल वजनाने एकोणीस स्टोन, म्हणजे एकशेवीस किलोच्या घरातला, बोलण्यात संथ, जागचा न हलणारा. लेनो त्याच्याभोवती टणाटण उडणारा. लेखकाने संहितेत या प्रवेशापुरती फार थोडी वाक्यं दिलेली असत. बाकीचं दोघांनी तिथल्या तिथे उभं करायचं. देखावा चार मिनिटांत लागला तर प्रवेश चार मिनिटांचा, नऊ मिनिटं लागली तर नऊ. मागून इशारा आला की चालू वाक्यातून वळण घेऊन पडदा उघडायच्या जागी पोचायचं. तीन हजार माणसांच्या थिएटरात, मायक्रोफोन नसताना, समोरचा हशा, शेजारी कॅम्पबेलचं वाक्य आणि मागचा इशारा हे सगळं एकाच वेळी ऐकत राहायचं. आणि हे दिवसातून दोनदा, २६ डिसेंबरपासून पुढे तीन महिने, वर रात्रीचे हॉल वेगळेच.

अशा माणसाला ऐकू कमी यायला लागलं. मनोऱ्यावरची ती वीस मिनिटं मला म्हणूनच गंमत वाटत नाहीत. क्यू हुकणं हे आजाराचं एक टोक होतं. दारू त्याआधीच वाढलेली होती, जशी वडिलांची आणि सावत्र वडिलांची वाढली होती तशीच. वाक्यं आठवेनाशी झाली, आवाज मागच्या रांगांपर्यंत जाईना, सहकाऱ्यांवर आणि घरच्यांवर तो भडकायला लागला आणि शांत झाल्यावर रडून माफी मागायला लागला. त्या काळचे लोक यातला एकेक तुकडा वेगळा सांगतात. माझं मन मात्र कानांपाशी अडतं. ज्याला हशा नीट ऐकू येत नाही त्याला आपण पडतोय असंच वाटत राहणार; तो जास्त जोर लावणार, घाई करणार, आणि जोराने व घाईने नेमकं तेच बिघडणार जे त्याने लीड्सच्या फळीवर कमावलं होतं. १९०३ च्या सुरुवातीला ‘मदर गूज’चा मोसम संपला तेव्हा ड्रुरी लेनचा व्यवस्थापक आर्थर कॉलिन्सने गौरवाचं भाषण करून त्याला चांदीचा भोजनसंच भेट दिला. लेनो उठला आणि म्हणाला, भेट अप्रतिम आहे, तुमचं अभिनंदन, तुम्ही याला पात्रच आहात. ऐकणाऱ्यांनी ते नेहमीचं लेनोचं बोलणं म्हणून घेतलं असेल. त्याच वर्षी त्याला कॅम्बरवेल हाउस या मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. डॉ. सॅव्हेज यांनी विश्रांती आणि थोडीफार जलरंगातली चित्रं हा उपचार केला. वर्षाअखेर तो ‘हम्प्टी डम्प्टी’साठी परत उभा राहिला, कॅम्पबेल शेजारी होताच. जुलै १९०४ मध्ये कॅम्पबेल गेला. लेनोचा शेवटचा खेळ २० ऑक्टोबरला झाला आणि ३१ ऑक्टोबर १९०४ ला तोही गेला. वय त्रेचाळीस. टूटिंगच्या दफनभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मैलोगणती माणसं उभी होती.

हसवणारा माणूस आतून दुःखी असतो, हे जे ठरलेलं वाक्य लेनोच्या नावापुढे लावलं जातं त्याचा मला मनस्वी राग येतो. त्याच्या डोळ्यांत करुणा होती असं त्याला पाहिलेले लोक सांगतात, आणि ते खरं असेल. पण ती करुणा त्याने कमावलेली होती, कामासाठी वापरलेली होती. दूध आणायला निघालेली आई, उत्तर न मिळालेली बाई, ही माणसं सोसतात आणि तरी हटत नाहीत म्हणून लोक हसत. नाट्यसमीक्षक मॅक्स बीरबोमने त्याच्यावर मृत्युलेख लिहिला त्यातही नेमका हाच भाग पकडला आहे: वाकलेला, पण मोडलेला नाही. शेवटच्या दोन वर्षांच्या आजारपणाचा उजेड मागे फिरवून चाळीस वर्षांच्या कारागिरीवर टाकला की कारागिरी दिसेनाशी होते आणि नुसता बिचारा लेनो उरतो. तो बिचारा नव्हता. वॉटर रॅट्स या नटांच्या मंडळाचा तो तीनदा प्रमुख होता, गरजू कलावंतांच्या मदतनिधीचं काम तो करायचा, आणि १८९८ मध्ये निघालेल्या एका विनोदी चित्रसाप्ताहिकाला त्याचं नाव दिलेलं होतं, कारण त्याच्या नावावर अंक खपत.

आता त्याचं काय शिल्लक आहे? अखेरच्या वर्षांत चौदाएक लघुपट निघाले. बहुतेक हरवले आणि ते मुकेच होते. उरल्या त्या तबकड्या. १९०१ ते १९०३ मध्ये ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीने त्याची पंचवीसहून जास्त गाणी आणि पॅटर ध्वनिमुद्रित केली. याच कंपनीच्या लोकांनी १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहरजानचं गाणं घेतलं. म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांचे शौकीन ज्या खरखरीला सरावलेले आहेत तीच खरखर इथे आहे, आणि अडचणीही त्याच. दहा इंची तबकडीवर तीन मिनिटं, सात इंचीवर दोन. वीस मिनिटांचा टर्न त्यात बसवायचा म्हणजे एक कडवं आणि पॅटरचा एक तुकडा. भोंग्याच्या तोंडापाशी चेहरा स्थिर ठेवून बोलावं लागे. मान वळवली की आवाज गेला, जोरात ओरडलं की सुई उसळून ते मेण फुकट. वरच्या पट्टीतले बारीक आवाज भोंगा पकडायचाच नाही, म्हणून स, श, फ ही अक्षरं एकमेकांत मिसळतात आणि घाईने बोललेलं इंग्रजी धूसर होतं. पाय आपटण्याचा प्रश्नच नव्हता. आणि मुख्य म्हणजे समोर कुणी नव्हतं. खोलीत पियानोवाला आणि यंत्रावरचा माणूस. हशासाठी जागा सोडली तर त्या जागी मेण रिकामं फिरणार.

म्हणूनच पहिल्यांदा ऐकणारे हिरमुसतात. यात हसण्यासारखं काय आहे, असं म्हणतात. दोष थोडा ऐकण्याच्या पद्धतीतही आहे. या तबकड्या मिनिटाला ७८ फेऱ्यांना लावायच्या नसतात. त्या वर्षांत वेग पक्का ठरलेला नव्हता. बऱ्याच तबकड्या सत्तरीच्या आसपास कापलेल्या आहेत. ७२ ला कापलेली तीन मिनिटांची तबकडी ७८ ला लावली की ती दोन मिनिटं शेहेचाळीस सेकंदांत संपते आणि आवाज अर्ध्या सुराहून जास्त चढतो. लेनोचा आवाज मुळात किनरा, त्यात तो असा चढला की नुसती चिवचिव उरते आणि बोलण्यातले श्वास गायब होतात. संगणकावर ऐकत असाल तर वेग सहा ते आठ टक्क्यांनी उतरवून बघावा, आणि उतरवताना सूरही उतरू द्यावा. सूर धरून ठेवणारी सोय वापरली तर आवाज चढलेलाच राहतो आणि खोटा वाटतो. पियानोच्या सुरावरून वेग जुळवायचा मोह होतो, पण जपून. तेव्हाच्या ब्रिटनमध्ये बरेच पियानो आजच्या सेकंदाला ४४० कंपनांऐवजी ४५२ च्या आसपासच्या चढ्या पट्टीला लावलेले असत, त्यामुळे आजच्या पेटीशी जुळवलं तर वेग गरजेपेक्षा जास्त खाली जातो. पॅटरवर कान ठेवावा. दोन वाक्यांच्या मध्ये श्वास ऐकू यायला लागला की जवळपास आलात.

सुरुवात ‘टॉवर ऑफ लंडन’ने करावी, कारण त्यातलं बोलणं सगळ्यात सुटं आहे. ‘हंट्समन’ नंतर. ‘मिसेस केली’ आधी छापील वाचून घ्यावं, म्हणजे धूसर शब्दांवर मन अडकत नाही आणि ते नाव तो दर वेळी कसं टाकतो तिकडे लक्ष राहतं. आणि हेडफोन लावून एकट्याने ऐकू नये. चार-पाच जणांना बसवावं, खोलीत मोकळ्या आवाजात लावावं, प्रत्येक प्रश्नानंतर हवं तर क्षणभर थांबवावं. तिसऱ्या ‘मिसेस केली’ला कुणी तरी हसतंच, आणि एक हसला की दुसऱ्याला आवरत नाही.